पगारातून कापलं जातं ते

जर्मनीतली पगाराची स्लिप मी नेहमी खालून वर वाचते. तळाशी हातात येणारी रक्कम असते. ती बघितली की नजर आपोआप वर सरकते, बाकीचे कुठे गेले ते शोधायला. केव्ही, आरव्ही, एव्ही, पीव्ही अशा चार ओळी असतात. आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा आणि म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करते. गेली काही वर्षं या चारांतली पहिली ओळ दर जानेवारीत फुगते आहे. २०२४ मध्ये तिथे महिन्याला ४२२ युरोंच्या आसपास आकडा असायचा. २०२५ मध्ये तो ४७१ झाला, २०२६ च्या जानेवारीत ५०९. तेवढेच पैसे माझ्या नावाने कंपनीही भरते. म्हणजे एका माणसामागे महिन्याला हजार युरोंच्या वर.

इथल्या मराठी मंडळींत हल्ली दोन माणसं भेटली की विषय इथेच येतो. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या द्रोणाभोवतीही तेच. ‘तू अजून सरकारी विम्यातच? प्रायव्हेटला का जात नाहीस? वर्षाला एवढे भरतेस आणि डॉक्टरकडे जातेस किती वेळा?’ विचारणारे वाईट नसतात. बहुतेक माझ्याच वयाचे किंवा माझ्याहून लहान, हिशोबात पक्के, आणि त्यांचा हिशोब त्यांच्यापुरता बरोबरही असतो. तरी मला तो पटत नाही. का पटत नाही ते बोलताना नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी हा आकडा बनतो कसा ते सांगते, कारण अनेक वर्षं इथे राहिलेल्यांनाही ते नीट माहीत नसतं. सार्वजनिक आरोग्य विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आहे आणि तो कायद्याने ठरलेला आहे. त्याच्यावर प्रत्येक क्रांकेनकासे (थोडक्यात कासे), म्हणजे विमा चालवणारी संस्था, आपापली जादा वर्गणी लावते. एकूण दराचा अर्धा भाग कामगार भरतो, अर्धा मालक. २०१९ मध्ये ही जादा वर्गणी सरासरी ०.९ टक्के होती. २०२४ साठी सरकारने १.७ जाहीर केली, २०२५ साठी २.५, २०२६ साठी २.९. देशातल्या सगळ्यात मोठ्या कासेने १ जानेवारी २०२५ ला आपली जादा वर्गणी १.२ वरून एकदम २.४५ केली. एका रात्रीत दुपटीहून जास्त. शिवाय वर्गणी संपूर्ण पगारावर लागत नाही, एका मर्यादेपर्यंतच लागते, आणि ती मर्यादाही जवळजवळ दर वर्षी वाढते. २०२४ मध्ये महिना ५१७५ युरोंवर होती, २०२६ मध्ये ५८१२.५० वर आहे. माझ्यासारख्या त्या मर्यादेच्या वर पगार असणाऱ्यांना दोन्हीकडून वाढ लागते, म्हणून दोन वर्षांत महिन्याला ८७ युरो जास्त जातात.

ही मर्यादा लक्षात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

माझी मुलगी झाली तेव्हा आई बाळंतपणासाठी नाशिकहून आली होती. व्हिसासाठी तिचा ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढावा लागला होता. त्यामुळे ‘इथे आजारी पडायचं नाही’ असं तिने मनाशी पक्कं करून ठेवलं होतं आणि साधी सर्दी झाली तरी माझ्यापासून लपवायची. मी दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण आली. इथे बाळंतिणीच्या घरी सुईण येते, सुरुवातीला रोज आणि मग जशी गरज असेल तशी, पार बारा आठवड्यांपर्यंत. चांगली उंच बाई, सायकलवरून आलेली, पाठीवर भली मोठी पिशवी. तिने हात धुतले, पिशवीतून एक सुती कापड आणि हातात धरायचा स्प्रिंगचा काटा काढला. बाळाला उघडं करून कापडात घातलं, कापडाची टोकं आकड्याला अडकवली आणि एका हाताने सगळं उचलून धरलं. बाळ कापडात मुटकुळं करून लोंबकळत होतं, न रडता. आई पुढे सरसावली होती, पडलं तर झेलायला. मग म्हणाली, ‘अगं, ही तर आपली झोळीच की.’ सुईणीने वजन वहीत लिहिलं, माझे टाके बघितले, बाळाला घेण्याची पद्धत दुरुस्त केली, नाळेला काय लावायचं नाही ते सांगितलं आणि आईला खुणेनेच विचारलं, तुम्ही कशा आहात?

ती गेल्यावर आईने पदराला हात पुसत विचारलं, ‘हिचे किती द्यायचे?’

‘काही नाही, आई. कासे देते.’

‘आणि दवाखान्याचे?’

‘तेही तीच देते.’

बाळंतपणासाठी इथे खिशातून काही भरावं लागत नाही. एरवी हॉस्पिटलात राहिलं तर दिवसाला दहा युरो आणि तेही वर्षात जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांचे, औषधाच्या चिठ्ठीवर पाच ते दहा युरो, असा आपला वाटा छोटाच. मुलगीही त्याच दिवसापासून माझ्या विम्यात आली, तिच्या नावाचा वेगळा पैसाही न भरता. मी हे सगळं आईला उत्साहाने सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुझ्या बाबांचं पण ईएसआय होतं. पगार वाढला नि गेलं.’

ही गोष्ट मला माहीत होती, पण त्या दिवशी ती मी पहिल्यांदा नीट ऐकली. बाबा सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होते. दर महिन्याला पगारातून थोडं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जायचं, मालकही भरायचा, आणि आमच्या घरातल्या कुणालाही ताप आला तरी आई कार्ड घेऊन दवाखान्यात जायची. रांग असायची, पण औषध मिळायचं. त्या योजनेला तेव्हाही पगाराची मर्यादा होती आणि आजही आहे. १९९७ पासून ती ६५०० रुपये होती. बाबांचा पगार त्याच्या जरासा वर गेला. घरी पेढे आणले गेले. पुढे काही महिन्यांनी कार्ड बंद झालं आणि त्यानंतरच्याच वर्षात आईची गर्भाशयाची पिशवी काढावी लागली. खासगी दवाखान्याचं बिल भागवायला आजीच्या पाटल्या मोडल्या. आईने तेव्हा कुणाला दोष दिला नाही, अजूनही देत नाही. कायदाच तसा होता. पण ज्या माणसाचा पगार दोनशे रुपयांनी वाढला तो दवाखान्याचं बिल भरण्याइतका श्रीमंत झाला, असं ज्या नियमाला वाटतं तो नियम कुठेतरी चुकतो आहे, हे मला तेव्हापासून पक्कं वाटत आलं आहे.

भारतातल्या या योजनेचं मूळ प्रा. बी. पी. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालात आहे. कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विमा कसा असावा, हे काम सरकारने त्यांच्यावर सोपवलं होतं. १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. त्यामागची कल्पना जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात घडलेल्या कल्पनेचीच भावंड: कामगाराने थोडं द्यायचं, मालकाने थोडं द्यायचं, आणि आजारी पडेल त्याला त्यातून मिळायचं. जर्मनीचा कायदा १८८३ चा. तेव्हा दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची असे, एक तृतीयांश मालकाची, आणि पैशांचा मोठा भाग औषधांवर जातच नसे. आजारपणात बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून जास्तीत जास्त तेरा आठवडे आजारभत्ता मिळे. शस्त्रक्रिया, हाडांचे फोटो हे सगळं पुढच्या शंभर वर्षांत त्यात येत गेलं आणि वर्गणी चढत गेली. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीत सरासरी दर आठ टक्क्यांच्या थोडा वर होता. आज मूळ आणि जादा मिळून साडेसतरा.

भारतात मात्र उलट झालं. १ जुलै २०१९ पासून ईएसआयचा दर साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला: कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. आईच्या शेजारचा एक जण खूश होऊन म्हणाला होता, चला, हातात चार पैसे जास्त येतील. मला त्या बातमीत आनंद वाटला नाही. वर्गणी कमी करण्यापेक्षा मर्यादेच्या जरा वर अडकलेल्यांना आत घेतलं असतं तर आमच्या घरासारख्या किती घरांचे दागिने वाचले असते, हा विचार आधी आला. २०१७ मध्ये ती मर्यादा २१,००० रुपये केली होती. पुण्यात किंवा नाशिकमध्ये भाड्याने राहणाऱ्या चार जणांच्या कुटुंबासाठी ही काही सुखवस्तू रक्कम नाही.

जर्मनीतही मर्यादेची एक रेषा आहे, पण उलट्या बाजूने. इथे पगार वाढला म्हणून कुणी तुम्हाला बाहेर काढत नाही, तुम्हाला बाहेर जायची परवानगी मिळते. २०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० युरोंच्या वर पगार असेल तर सार्वजनिक विमा सोडून खासगी विमा घेता येतो. सरकारी नोकर तर बहुतेक सगळे खासगीतच असतात, स्वतंत्र व्यवसाय करणारेही जाऊ शकतात. खासगीत हप्ता पगारावर ठरत नाही, तुमच्या वयावर आणि तब्येतीवर ठरतो. अठ्ठावीस वर्षांच्या, चष्म्याशिवाय दुसरं काही नसलेल्या पुण्याच्या इंजिनिअरला तो स्वस्त पडतो. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मला चार-पाच महिन्यांनी मिळते, त्याला पुढच्या आठवड्यात. हे खरं आहे आणि ते मला खुपतं. पण तोच इंजिनिअर पंचेचाळीसचा होईल, बायको नोकरी सोडून घरी बसेल, दोन मुलं होतील, तेव्हा प्रत्येकासाठी वेगळा हप्ता पडेल. आणि पंचावन्न ओलांडल्यावर सार्वजनिकात परत यायचं म्हटलं तर दार जवळजवळ बंदच असतं. आमच्या मंडळातल्या एका काकांची आता अशीच कुचंबणा झाली आहे. त्यांच्याकडे बघून तरी घाई करू नये, असं मी लहान मुलांना सांगते. लहान म्हणजे तिशीतली.

पण हा सगळा स्वतःच्या फायद्या-तोट्याचा हिशोब झाला, आणि माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी-आजोबा राहतात. आजोबा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. हिवाळ्यात सकाळी सहाला, अजून अंधार असताना, खाली टॅक्सी येऊन उभी राहते. त्या टॅक्सीचे पैसेही कासे देते, आजोबांना प्रत्येक खेपेला थोडा वाटा द्यावा लागतो. ड्रायव्हर तुर्की आहे. तो वर येऊन आजोबांना हाताला धरून खाली नेतो आणि आजी खिडकीतून बघत उभ्या राहतात. वर्षभराचा त्यांचा खर्च किती असेल याचा मी अंदाज केला आहे, आणि माझी पूर्ण वर्गणी, कंपनीची धरूनही, त्याला पुरणार नाही. म्हणजे मी आणि माझी कंपनी मिळून वर्षभर जे भरतो ते सगळं एका आजोबांच्या टॅक्सीसह उपचारात जाऊनही वर आणखी काही जणांचं लागतं. मला हे चांगलं वाटतं. मनापासून चांगलं वाटतं. सुईण सायकलवरून आमच्याकडे आली तेव्हा तिचे पैसे अशाच कुणीतरी भरले होते, कदाचित याच आजोबांनी, चाळीस वर्षं.

आणि आजोबा अजूनही भरत आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. निवृत्तांच्या पेन्शनमधूनही वर्गणी कापली जाते. आरोग्य विम्याची अर्धी वर्गणी पेन्शन खातं भरतं, पण शुश्रूषा विम्याचे ३.६ टक्के पूर्ण त्यांनाच भरावे लागतात. (या शुश्रूषा विम्यासाठी १९९५ मध्ये सॅक्सनी सोडून सगळ्या राज्यांनी नोव्हेंबरमधली एक धार्मिक सुट्टी सोडून दिली, मालकांच्या वाट्याची भरपाई म्हणून. सॅक्सनीने सुट्टी ठेवली, म्हणून तिथला कामगार आजही या विम्याचा जास्त वाटा स्वतः भरतो. वर्गणी वाढते तेव्हा ती पैशातच मोजली पाहिजे असं नाही, एक दिवसही जाऊ शकतो.)

मग वर्गणी वाढते तरी का? लोक म्हातारे होत आहेत हे खरं, पण दोन वर्षांत कुणी एवढं म्हातारं होत नाही. एकट्या हॉस्पिटलांवरचाच खर्च वर्षाला शंभर अब्ज युरोंच्या पुढे गेला आहे. नर्सेसचे पगार वाढले, आणि ते वाढायलाच हवे होते. नवी औषधं, विशेषतः कर्करोगाची आणि जनुकीय उपचारांची, भयंकर महाग आहेत. एकूण खर्च २०२४ मध्ये सव्वातीनशे अब्जांच्या वर गेला आणि कासांना सहा अब्जांहून जास्त तूट आली. पण त्यात एक भाग सरळ राजकारणाचा आहे. करोनाच्या काळात, निवडणुकीच्या आधी, वर्गणी वाढू नये म्हणून सरकारने कासांना त्यांची साठवलेली गंगाजळी वापरायला लावली. २०२१ मध्ये आठ अब्ज युरो, २०२३ मध्ये पुन्हा अडीच अब्ज. गंगाजळी आटली, आणि कायद्याने ठेवायची किमान शिल्लक पुन्हा भरायची म्हणून २०२५ ची उडी एवढी मोठी झाली. तेव्हा वाचवलेले आता आमच्याकडून घेतले जात आहेत.

दुसरा भाग मला जास्त टोचतो. ज्यांना काम नाही आणि सरकारी मदतीवर जगतात त्यांचाही विमा सार्वजनिक कासांतच असतो. तो असायलाच हवा, त्याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. पण त्यांची वर्गणी भरायची जबाबदारी केंद्र सरकारची आहे, आणि सरकार त्यांच्यासाठी जी ठोक रक्कम देतं ती खऱ्या खर्चाच्या निम्मीही नसते. राहिलेलं कुठून येतं? आमच्या पगारातून आणि आजोबांच्या पेन्शनमधून. कासांच्या मध्यवर्ती संघटनेचा हिशोब वर्षाला सुमारे दहा अब्ज युरोंचा आहे, आणि २०२५ मध्ये त्यांनी याविरुद्ध सरकारला कोर्टात खेचायचं ठरवलं. मला ते आवडलं. गरिबांचा खर्च सगळ्या देशाने करातून उचलावा. त्या करात लाखो कमावणारे वकील येतील, भाड्यावर जगणारे घरमालक येतील, खासगी विम्यातले लोक येतील, मोठ्या कंपन्यांचा नफा येईल. पगारातून कापला तर फक्त पगारदारांकडून येतो, आणि तोही त्या मर्यादेपर्यंतच.

आता त्या मर्यादेकडे येते. महिना चार हजार कमावणारी नर्स घ्या. तिच्या पगारातून २०२६ मध्ये ३५० युरो जातात, म्हणजे ८.७५ टक्के. दहा हजार कमावणारा मॅनेजर सार्वजनिकातच राहिला तरी त्याचे ५०९ युरो जातात, म्हणजे पाच टक्क्यांच्या जरा वर. कारण ५८१२ च्या वरच्या पगाराला कुणी हात लावत नाही. जितकं जास्त कमवाल तितका तुमचा भार हलका. आणि अगदी वरचे लोक, जे खासगीत गेले, त्यांच्याकडून या निधीत काहीच येत नाही. त्यांची संख्या जवळजवळ नव्वद लाख आहे. ते सगळे धनाढ्य आहेत असं नाही, पण सरासरीने जास्त कमावणारे आणि कमी आजारी पडणारे आहेत. तिजोरीत भरणारे चांगले हातच बाहेर राहिले तर आत उरलेल्यांची वर्गणी वाढणार, आणि ती वाढली की अजून काही जण बाहेर जाणार. प्रसादाच्या द्रोणाभोवती जेव्हा कुणी मला म्हणतं की वर्गणी वाढली म्हणून मी निघालो, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की तू निघालास म्हणूनही ती वाढते आहे.

बाबांचं आणि इथलं एकत्र ठेवून बघितलं की मला एकच गोष्ट दिसते. नाशिकमध्ये जरा जास्त पगार झाला म्हणून बाबांना ढकलून दिलं, इथे जास्त पगार झाला की निसटायला वाट करून दिली आहे. दोन्हीकडे निधी त्याच लोकांवर उभा राहतो ज्यांच्याकडे कमी आहे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यातून आलेली, येऊ घातलेली मुलं-मुली कधीमधी भेटतात. कुणी नर्सिंगचं शिकलेलं, कुणी इलेक्ट्रिशियन, जर्मन अजून अडखळत बोलणारी. पहिला पगार झाला की स्लिप घेऊन विचारतात, ताई, हे एवढं का कापलंय? त्यांचा पगार मर्यादेच्या खूप खाली असतो. त्यांच्या प्रत्येक युरोवर पूर्ण दराने वर्गणी जाते, आणि ती तरुण, धडधाकट, क्वचितच डॉक्टरकडे जाणारी असतात. हा देश म्हातारा होत असताना या निधीला जे काही सावरून धरतं आहे त्यात बाहेरून आलेली ही पोरं आहेत. परके इथला विमा लुटतात असं इथले काही राजकारणी बोलतात तेव्हा मी ही स्लिप डोळ्यांसमोर आणते आणि मला राग येतो.

त्या मुलांना मी स्लिपवरची ओळ समजावून सांगते. आजारी पडलात तर सहा आठवडे कंपनी पगार देईल, त्यानंतर कासे देईल, पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत. पाय मोडला तर बिल घरी येणार नाही. बाळंतपण झालं तर सुईण घरी येईल. आईवडील मात्र यात येत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागेल, ते आत्तापासूनच मनात धरा. ही शेवटची गोष्ट ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात. माझाही पडला होता.

आणि एक गोष्ट मी त्यांना हल्ली आवर्जून सांगते, कारण ती आपल्या लोकांत जवळजवळ कुणाला माहीत नसते. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. संसदेच्या निवडणुकीत मला मत नाही, आणि वर्गणीची मर्यादा किती ठेवायची, बेरोजगारांसाठी सरकारने किती द्यायचं, हे संसद ठरवते. तिथे माझं काही चालत नाही. पण कासेच्या प्रशासकीय मंडळाची निवडणूक असते, दर सहा वर्षांनी, आणि त्यात राष्ट्रीयत्व बघत नाहीत. सोळा वर्षं पूर्ण झालेली आणि स्वतः सभासद असलेली कुणीही व्यक्ती मत देऊ शकते. सगळ्याच कासांत प्रत्यक्ष मतदान होत नाही, पण काही मोठ्या कासांत होतं आणि माझी त्यांतली एक. कासेचं अंदाजपत्रक हे मंडळच मंजूर करतं आणि जादा वर्गणी किती असावी हेही तेच ठरवतं. म्हणजे माझ्या स्लिपवरचा जो आकडा दर जानेवारीत फुगतो, त्याचा एक भाग मी निवडून दिलेली माणसं ठरवतात. २०२३ च्या मे महिन्यात शेवटची निवडणूक झाली, घरोघरी लाल लिफाफे आले, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो जाहिरात समजून रद्दीत टाकला. देशभरात चारांतल्या एकानेही मत दिलं नाही.

संसद जेव्हा कधी आरोग्य विम्याच्या वर्गणीची मर्यादा पेन्शनच्या वर्गणीच्या मर्यादेइतकी करेल, म्हणजे २०२६ च्या आकड्यांनी ८४५० युरो, तेव्हा महिना सात हजार कमावणाऱ्याला दर महिन्याला १०४ युरो जास्त भरावे लागतील. मलाही भरावे लागतील. मी भरेन, आणि त्यामुळे नर्सची वर्गणी अर्ध्या टक्क्याने खाली आली तरी मला पुरे. आमच्या मराठी मंडळात हे मी बोलले की काहींना ते विचित्र वाटतं. पुढची सभासदांची निवडणूक २०२९ मध्ये आहे. तोवर त्या मुलांपैकी जी इथे टिकतील त्यांना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की लाल लिफाफा आला की फाडून बघायचा, आणि समजला नाही तर मला फोन करायचा.